तसबिरीची तसबीर

राजा रविवर्मा यांचे नाव ठाऊक नाही असे सुशिक्षित मराठी घर क्वचितच आढळेल. परंतु त्या नावासरशी आपल्या डोळ्यांपुढे जे उभे राहते ते कमळावरची लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती, पत्र लिहिणारी शकुंतला असे काहीतरी असते. ज्या व्यवसायामुळे संस्थानिकांनी त्यांस दूरदूरहून बोलावून नेले तो व्यवसाय मात्र निराळा होता. तो होता जिवंत माणसांच्या, विशेषतः राजघराण्यांतील स्त्रीपुरुषांच्या, तसबिरी तेलरंगात रंगविण्याचा. या तसबिरी भिंतीभिंतींवरून लोकांत आल्या नाहीत. त्या ज्या वाड्यांसाठी काढल्या त्या वाड्यांतच बहुतांशी राहिल्या. आपल्यापर्यंत पोचली ती त्यांची छायाचित्रे. देवतांचे शिळाछाप झाले आणि राण्यांचे फोटो झाले, असे थोडक्यात म्हणता येईल. या दोन वाटांत केवढे अंतर आहे, आणि दुसऱ्या वाटेने आपण काय गमावून बसलो आहो, याचा विचार आमच्या पाहण्यात फारसा कोणी केलेला नाही. तो येथे, बडोद्याच्या राजस्त्रियांच्या तसबिरी पुढे ठेवून, करावयाचा आहे.

प्रथम शिळाछापाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. देवादिकांची चित्रे स्वस्तात छापून घरोघर पोचवावीत अशी सूचना सर टी. माधवराव यांनी रविवर्म्यांस 1884 च्या सुमारास केली होती. ती दहा वर्षांनी फळास आली. 1894 साली गिरगावात छापखाना निघाला, काही काळ तो आमच्या या मध्य रेल्वेच्या बाजूला घाटकोपरास होता, आणि शतक संपता संपता लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. आम्ही नाहूरकर घाटकोपरावरून रोज येजा करणारे. पण तेथे एके काळी लक्ष्मीसरस्वती दगडावरून कागदावर उतरत होत्या, ही गोष्ट गाडीतल्या दहा जणांस विचारली तर एकासही ठाऊक असेल की नाही याची शंका वाटते. असो. सांगावयाचे ते असे की, त्या छपाईत चित्र जसेच्या तसे उतरत नसे. जर्मन कारागीर मूळ चित्र पुढे ठेवून एकेका रंगासाठी एकेक दगड हाताने तयार करीत. त्यात त्यांची समजूत, त्यांची सवय, क्वचित त्यांची चूकही उतरे. म्हणून ओलिओग्राफ घरी आणणाऱ्या माणसास आपण मूळ चित्र विकत घेतले असा भ्रम कधी झाला नाही. त्यास छापील लक्ष्मी हवी होती. ती छापील म्हणूनच त्याने चौकटीत घातली आणि तिला हार घातला.

छायाचित्राची गोष्ट वेगळी आहे. मध्ये कोणाचा हात आला नाही, यंत्राने जे समोर होते तेच उतरवून घेतले, अशी त्याची बतावणी असते आणि आपणही ती खरी मानतो. पाश्चात्य देशांत हाच बदल थोडा आधी घडला. रेनॉल्ड्स यांनी रंगविलेल्या उमरावांच्या स्त्रिया एके काळी तांब्याच्या पत्र्यावर कोरणाऱ्या कारागिरांच्या हातून लोकांपुढे जात, आणि चित्रकाराच्या नावाशेजारी कोरणाऱ्याचेही नाव छापले जाई. विंटरहाल्टर यांनी 1855 साली सम्राज्ञी यूजेनी व तिच्या सख्या यांचे जे मोठे चित्र रंगविले, त्या काळापासून पुढे पॅरिसचे व्यापारी चित्रांची छायाचित्रे विकू लागले. कोरणाऱ्याचे नाव गळाले. त्याच्या जागी दुसरे कोणतेच नाव आले नाही. मधला माणूस दिसेनासा झाला एवढेच. तो नाहीसा झाला नव्हता.

आता बडोद्याकडे वळू. 1881 च्या अखेरीस सयाजीराव महाराजांस राज्याधिकार मिळाले, त्या प्रसंगाने रविवर्मा बडोद्यास आले आणि त्यांनी महाराज व राजघराण्यातील मंडळी यांच्या तसबिरी रंगविल्या. पुढे 1888 साली पुराणप्रसंगांवरील चौदा चित्रांचे काम महाराजांनी त्यांस सांगितले, त्याचा बोलबाला अधिक झाला. परंतु आमच्या मते त्यांचे खरे सामर्थ्य तसबिरींतच आहे. पुराणचित्रांत पुष्कळदा नाटकगृहाचा वास येतो. हात उगीच उंचावलेले, डोळे उगीच वर लागलेले. तसबिरीत समोर माणूस बसलेला असतो, त्यामुळे कुंचल्यास तोंड सोडून भटकता येत नाही. महाराणी चिमणाबाई यांची तसबीर घ्या. चेहऱ्यावर कोणताही भाव मुद्दाम आणलेला नाही, आणि म्हणूनच तो चेहरा लक्षात राहतो. दागिने पुष्कळ आहेत, पण त्यांनी माणूस झाकलेला नाही.

एवढे म्हणेपर्यंत आम्ही छायाचित्राच्या भरवशावर बोलू शकतो. यापुढे एक पाऊल टाकावयाचे तर पायाखालची जमीन सरकू लागते. ती का, हे जरा सविस्तर सांगतो.

जुन्या काळी छायाचित्राच्या काचेवर जो लेप असे त्यास सर्व रंग सारखे दिसत नसत. निळा व जांभळा त्यास फार लवकर दिसे. पिवळा, हिरवा आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. 1873 साली फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने लेपात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून हा दोष कमी करता येतो असे दाखविले, आणि त्यावरून पिवळा व हिरवा ओळखणाऱ्या काचा निघाल्या. तांबडाही ओळखणाऱ्या काचा बाजारात आल्या त्या 1906 च्या सुमारास, म्हणजे रविवर्मा वारले त्याच वर्षी. आणि साध्या छापखान्यांत त्या रुळावयास आणखी बराच काळ गेला. आता मराठी राजस्त्रीच्या तसबिरीत महत्त्वाचे रंग कोणते ते पाहा. कपाळीचे कुंकू तांबडे. जर सोनेरी, म्हणजे पिवळ्याच्या घरातली. कांती गव्हाळ. नेमके हेच तीन रंग जुन्या काचेस काळे दिसतात. कुंकवाचा बुक्का होतो. पदराच्या काठावरची जर, जी मुळात चित्रातली सर्वांत उजळ जागा असावयाची, ती तपकिरी चिखलासारखी उमटते. गव्हाळ कांती सावळी होते. उलट निळे लुगडे असले तर ते धुतलेल्या पांढऱ्यासारखे दिसू लागते. जुन्या पुस्तकांतून अशा तसबिरी पाहून ‘रविवर्म्यांच्या स्त्रियांचे मुख काळवंडलेले दिसते’ असे म्हणणारी माणसे आम्हांस भेटली आहेत. तो दोष कुंचल्याचा नसून काचेचा आहे, हे त्यांस कोणी सांगितलेले नव्हते.

हे झाले काचेचे. त्यापुढे ठसा येतो. मासिकांत आणि पुस्तकांत छायाचित्र छापावयाचे तर ते बारीक जाळीतून पुन्हा उतरवून त्याचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर करावे लागते. यासच हाफटोन म्हणतात. कलकत्त्यास उपेंद्रकिशोर रायचौधरी यांनी या विद्येत एवढे प्रावीण्य मिळविले की त्यांचे लेख विलायतेतील मुद्रणविषयक वार्षिकात छापले गेले. पुण्याच्या चित्रशाळेने रविवर्म्यांच्या चित्रांचे हाफटोन ठसे 1911 साली पुस्तकरूपाने काढले, आणि पुष्कळ मराठी वाचकांची रविवर्म्यांशी ओळख अशा पुस्तकांतूनच वाढली. आता तेलरंगात मोती कसा काढतात ते पाहिले पाहिजे. आधी करडी, किंचित हिरवट अशी गोल सावली. तिच्या कडेस शेजारच्या सोन्याचा किंवा कातडीचा पुसट परावर्त. आणि शेवटी जाड पांढऱ्या रंगाचा एक टिपका, तो असा की बोट फिरविले तर हातास लागावा. त्या टिपक्यावर खोलीतला उजेड पडतो आणि मोती पाहणाऱ्याबरोबर हलल्यासारखा वाटतो. हाफटोनात त्या जागी काय असते? ठिपके इतके बारीक होतात की कोरा कागद तेवढा उरतो. चित्रकाराने जेथे सर्वांत जास्त रंग घातला तेथे छापील प्रतीत सर्वांत कमी शाई असते! तन्मणी, चिंचपेटी, नथ, मोत्यांच्या सरी, या सर्वांची ही अवस्था. दागिन्यांची मोजदाद छापील चित्रावरून खुशाल करावी. ते रंगविण्यात कोणते कसब आहे, हे त्यावरून कळावयाचे नाही.

आकाराची गोष्टही लहान नव्हे. वाड्यात लावण्याकरिता काढलेल्या पूर्णाकृती तसबिरीत माणूस जवळपास माणसाएवढाच असतो, आणि तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांहून थोडा वर टांगलेला असतो. त्या उंचीचा हिशेब चित्रकाराने आधीच केलेला असतो. निऱ्यांचा घोळ खाली जड का ठेवला, हात कोणत्या पातळीवर आणला, यांची कारणे तेथे उभे राहिल्यावर कळतात. तीच तसबीर हाताएवढ्या पानावर आली म्हणजे आपण तिच्याकडे वरून पाहू लागतो. राणी आपल्यास दर्शन देत होती, ती आता आपल्या मांडीवर असते. त्यातून पुष्कळ संपादकांस कडा कापण्याची खोड असते. पडदा, खांब, गालिचा हे ‘निरुपयोगी’ म्हणून छाटले जातात आणि उरतो तो एक सुंदर चेहरा. ज्या चौकटीत आणि ज्या वैभवात ती स्त्री मुद्दाम उभी केली होती ते गेल्यावर तसबीर राहिली कोठे?

यापेक्षाही सूक्ष्म असा एक परिणाम आहे, आणि टीकेच्या दृष्टीने आम्हांस तोच अधिक गंभीर वाटतो. रविवर्मा ‘फोटोसारखे’ काढतात, त्यांच्या चित्रांत आत्मा नाही, असा आक्षेप विसाव्या शतकाच्या आरंभी जोरात होता. हॅवेल आणि आनंद कुमारस्वामी यांनी त्यांच्यावर कठोर टीका केली; ती भारतीय कलेच्या आदर्शासंबंधीची होती आणि तिचा विचार स्वतंत्रपणे झाला पाहिजे. पण पुढे हा आक्षेप आपल्याकडे ज्याच्या त्याच्या तोंडी झाला, तेव्हा बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पाहिलेले असे ते फोटोच. रंग गेला, रंगाचा थर गेला, रोगणाची चकाकी गेली, कुंचल्याचा फटकारा गेला; उरले ते छायाप्रकाश आणि रेखा. मग ते फोटोसारखे दिसले यात नवल कसले? ज्यास फोटोत पाहिले त्यास फोटोसारखा म्हणणे, हा न्याय विचित्र आहे.

या आक्षेपात खरेपणाचा अंश मुळीच नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तसबिरी करताना रविवर्मा छायाचित्रांची मदत घेत, हे प्रसिद्ध आहे. राजेरजवाडे तासन्‌तास बसत नाहीत. दिवंगत व्यक्ती तर बसूच शकत नाही. त्यांचे बंधू सी. राजराजवर्मा यांची 1895 ते 1904 या काळातील रोजनिशी 2005 साली प्रसिद्ध झाली आहे. दोघे भाऊ मिळून कसे काम करीत हे तीवरून चांगले कळते. म्हणजे अशा प्रसंगी पहिल्याने फोटो, फोटोवरून तेलचित्र, तेलचित्राचा फोटो, त्या फोटोचा ठसा, अशी ही मालिका आहे. मधल्या एकाच पायरीवर चित्रकाराने काहीतरी निर्माण केले. रंग दिला, भार दिला, बसण्याला ऐट दिली. पुढची पायरी नेमके तेवढेच काढून घेते आणि मूळ फोटोच्या जवळ आपल्यास परत आणून सोडते. त्यात आणखी एक घोटाळा आहे. त्या काळच्या संस्थानी छायाचित्रकारांत मोठ्या केलेल्या फोटोवर रंग चढवून तो तसबिरीप्रमाणे चौकटीत बसविण्याची रीत होती. असा रंगविलेला फोटो आणि खरे तेलचित्र ही दोन्ही पुन्हा छायाचित्रित होऊन पुस्तकात शेजारी शेजारी छापली, तर भल्याभल्या जाणकारासही त्यांतला भेद निश्चयाने सांगता येणार नाही. मग सामान्य वाचकाने काय करावे?

येथवर चित्रकाराचे काय हरवते ते पाहिले. तसबिरीतील स्त्रीचे काय हरवते, हा प्रश्न आम्हांस कमी महत्त्वाचा वाटत नाही. ‘महाराणी चिमणाबाई’ एवढाच मथळा बहुतेक ठिकाणी दिलेला असतो. पण सयाजीरावांच्या राण्या दोन, आणि सासरी दोघींचेही नाव चिमणाबाईच! पहिली तंजावरच्या मराठ्यांची मुलगी लक्ष्मीबाई. 1880 साली तिचा विवाह झाला, तिच्याबरोबर तंजावरी नर्तकी आणि वादक बडोद्यास आले, 1883 साली तिला फत्तेसिंहराव हा मुलगा झाला आणि 1885 साली ती वारली. त्याच वर्षाच्या अखेरीस महाराजांनी दुसरा विवाह केला. ती देवासकडील घाटगे घराण्यातील गजराबाई. या दुसऱ्या चिमणाबाईंनी पुढे पडदा सोडला, हिंदी स्त्रियांच्या स्थितीविषयी 1911 साली इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि 1927 साली पुण्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. 1958 पर्यंत त्या होत्या. एकीचे आयुष्य राणीपणाच्या पाच वर्षांत आटोपले, दुसरीचे सार्वजनिक कार्य कित्येक दशके चालले. छापील मथळ्यात मात्र दोघी एक झाल्या आहेत. तसबीर 1885 पूर्वीची असेल तर ती पहिलीची, एवढे तर्काने म्हणता येते; पण वारलेल्या माणसाची तसबीर फोटोवरून मागाहूनही काढीत, म्हणून नुसत्या सनावर विसंबता येत नाही. चित्राच्या पाठीवर, चौकटीवर किंवा राजवाड्याच्या दप्तरात जी नोंद असेल तीच खरी, आणि छायाचित्रकार चित्राच्या पाठीकडे कधी जात नाही.

बडोद्याच्या रावपुऱ्यात 1896 साली पहिल्या चिमणाबाईंच्या स्मरणार्थ घड्याळाचा मनोरा बांधला गेला. तेथील माणसे त्या नावाचा रोज उच्चार करतात, आणि त्यांतल्या फारच थोड्यांस त्या बाईचा चेहरा ठाऊक असेल. आपल्या पुस्तकांतून तिचा चेहरा घरोघर गेला. तंजावरचे नाव मात्र त्याच्यासोबत गेले नाही. ज्या काळी राजवाड्यातील स्त्री परपुरुषाच्या दृष्टीस पडू नये अशी रीत होती, त्या काळी ती चित्रकारापुढे आली असेल तर ती कोणत्या संकोचाने किंवा कोणत्या अभिमानाने, याचा विचार मनात येतो. ती तसबीर कोणाच्या दृष्टीसाठी होती हे तिला माहीत होते. आपली दृष्टी त्यात धरलेली नव्हती. म्हणून ती पाहू नये असे नव्हे. पण निदान तिला तिच्या नावाने ओळखावे, एवढी सभ्यता आपल्याकडून व्हावयास हरकत नाही.

सर्वच तसबिरी छायाचित्रात सारख्या बुडत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. इंदूरचे यशवंतराव होळकर आणि त्यांची राणी संयोगिताराजे, ही कागलच्या घाटग्यांची मुलगी, यांच्या तसबिरी बर्नार्ड बूते द मोंवेल या फ्रेंच चित्रकाराने रंगविल्या. याच जोडप्याची छायाचित्रे पॅरिसच्या मान रे यांनीही घेतली होती. 2019 साली पॅरिस येथे या महाराजांच्या संग्रहावर मोठे प्रदर्शन भरले, तेव्हापासून ही सर्व चित्रे पुस्तकांतून पुन्हा फिरू लागली आहेत. बूते यांचा रंग पातळ, सपाट आणि मोजका. कडा सुरीने कापल्यासारख्या. पांढऱ्या व फिकट रंगांवर सर्व भर. अशा चित्रात ठशाने हिरावून घेण्यासारखे थोडे असते, म्हणून ते छपाईत जवळजवळ शाबूत राहते. तरुण वयात, 1937 साली, निवर्तलेली ही राणी छापील पानावरही आपल्यापासून तेवढ्याच अंतरावर बसते जेवढ्या अंतरावर चित्रकाराने तिला बसविले होते. रविवर्म्यांचे सौंदर्य रंगाच्या दाटपणात आहे, म्हणून त्यांच्यावर अन्याय अधिक होतो. तेव्हा छापील पाने शेजारी ठेवून रविवर्म्यांपेक्षा बूते श्रेष्ठ, असा निकाल देणाऱ्याने आधी कोणाचे किती गळाले याचा हिशेब मांडावा.

छायाचित्रे नसती तर आमच्यासारख्यांस या तसबिरी मुळीच दिसल्या नसत्या, हे आम्ही विसरत नाही. रविवर्म्यांच्या कृती 1979 साली राष्ट्राचा कलाठेवा म्हणून जाहीर झाल्या, त्यामुळे त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांस तर छायाचित्राखेरीज गतीच नाही. निरनिराळ्या वाड्यांतील तसबिरी एका पानावर ठेवून ताडून पाहणे, मोठा केलेला तपशील न्याहाळणे, हे सुख मूळ चित्रापुढे मिळत नाही. रंगीत छपाई आल्यापासून कुंकू पुन्हा तांबडे झाले हाही लाभच. मात्र नवी अडचण अशी की, एकाच तसबिरीचे तीन रंगीत छाप पुढे घ्यावेत तर लुगड्याचे तीन रंग दिसतात, आणि हातातल्या पडद्यावर चौथा. खरा कोणता? पुस्तक काढणाऱ्याने चित्राखाली निदान लांबीरुंदी, सन, व्यक्तीचे माहेरचे व सासरचे नाव, चित्र सध्या कोठे आहे, आणि छायाचित्र मूळ चित्राचे की जुन्या छापाचे, इतके छापावे अशी आमची मागणी आहे. यात खर्च कपर्दिकेचा नाही. महागड्या कागदावर सोनेरी वेलबुट्टी छापणाऱ्या प्रकाशकांस ही एवढी ओळ जड का व्हावी हे आम्हांस उमगत नाही.

बडोदे, आजचे वडोदरा, काही फार दूर नाही. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात महाराजा फत्तेसिंह संग्रहालय 1961 पासून आहे आणि रविवर्म्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह तेथे पाहावयास मिळतो. नाहूरहून निघणाऱ्याने दादरास उतरून पश्चिमेची गाडी धरावी. घरचे पुस्तक बरोबर अवश्य न्यावे, पण चित्र पाहून होईपर्यंत ते पिशवीतच असू द्यावे. मग बाहेर काढून कपाळीचे कुंकू, पदराचा काठ आणि मोत्याची एखादी सर, ही तीन स्थळे तेवढी ताडून पाहावीत.